कंपनी विकण्याची वेळ, बँकेचा कल आणि कोर्टाची पायरी

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकेजिंगचं युनिट आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, पण कारभार सगळा घरचाच. बँकेचं मुदत कर्ज आणि सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठीची कॅश क्रेडिट मर्यादा) चालू आहे. मुंबईची एक मोठी कंपनी युनिट विकत घ्यायला तयार आहे. सीए म्हणतात, व्याजदर उतरलेत, आत्ताच विका. काका म्हणतात, मंदीची चाहूल लागली की खरेदीदार पाय काढतो आणि पुढची दहा वर्षं कोर्टात जातात. आर्थिक परिस्थितीचा कंपनीच्या विक्रीशी, बँकेशी आणि कोर्टकज्ज्यांशी खरंच एवढा संबंध असतो का?

असतो. मात्र सीए आणि काका सांगतात तितका सरळ नसतो. कंपन्यांची आणि बँकांची कामं पणजीत करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. बाजार फक्त भाव ठरवतो. त्या भावात सौदा होणार की दावा दाखल होणार, हे बहुतेक वेळा मध्ये बसलेली बँक ठरवते. आणि मंदीत जी भांडणं कोर्टात येतात, त्यांची कागदपत्रं तेजीत, घाईघाईने, एकमेकांवर विश्वास ठेवून सह्या केलेली असतात.

आधी सीएंचा मुद्दा घेऊ, कारण त्यात हिशेब आहे. समजा, तुमच्या कंपनीच्या मिळकतीतून खरेदीदाराला वर्षाला १ कोटी २० लाख रुपये व्याजापोटी बाजूला काढता येतात. १२ टक्क्यांनी पैसा मिळत असेल तर एवढ्या व्याजात त्याला १० कोटींचं कर्ज पेलवतं. ९ टक्क्यांनी मिळाला तर १३ कोटी ३३ लाखांचं. युनिट तेच, यंत्रं तीच, गिऱ्हाइकं तीच, तरी खरेदीदाराची ऐपत सव्वातीन कोटींहून जास्त वाढली. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसा देते तो, मे २०२० पासून दोन वर्षं ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला आणि फेब्रुवारी २०२५ पासून उतरायला लागून जूनमध्ये ५.५० वर आला. या चढउतारात कंपन्यांचे भाव बदलतात, यात शंका नाही.

पण सीए एक गोष्ट सोडून बोलतायत. रेपो उतरला की तुमचं स्वतःचं कर्ज लवकर स्वस्त होतं, कारण ऑक्टोबर २०१९ पासून लहान उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं बाहेरच्या मानकाला, म्हणजे बहुधा रेपोलाच, बांधलेली असतात. खरेदीदाराचं तसं नाही. दुसऱ्या कंपनीचे शेअर विकत घ्यायला आपल्या बँका वर्षानुवर्षं जवळपास कर्जच देत नव्हत्या. त्यासाठीचा पैसा स्वतःच्या तिजोरीतून, वित्तसंस्थांकडून किंवा परदेशी फंडांकडून येतो आणि तो रेपोच्या तालावर नाचत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही वाट बँकांना मोकळी करून देण्याची घोषणा केली. ती मोठ्या सौद्यांच्या कामाची आहे. तुमच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच: समोरची कंपनी हातच्या पैशाने घेतेय की उसन्या? उसन्या पैशाने घेणाऱ्याचा भाव चढा असतो आणि वारं फिरलं की पाय काढणाराही तोच असतो. काकांची भीती या खरेदीदाराला लागू पडते, सगळ्यांना नाही.

गोव्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण खाणीचं. एप्रिल २००७ मध्ये, ऐन तेजीत, वेदान्ताने जपानच्या मित्सुईकडून सेसा गोवा या लोहखनिज कंपनीचा ५१ टक्के हिस्सा सुमारे ९८ कोटी डॉलरला घेतला. पुढच्या वर्षी जग कोसळलं, पोलादाची मागणी आटली, खनिजाचे करार पडत्या दराने होऊ लागले. आणि नेमक्या त्या पडत्या काळात, जून २००९ मध्ये, सेसा गोवाने धेंपो समूहाचा खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना घेतला. हा व्यवहार रोखीचा होता. मंदीत सौदे थांबतात असं म्हणणाऱ्यांनी हा सौदा लक्षात ठेवावा. थांबतात ते कर्जावर उभे असलेले सौदे. ज्याच्याकडे रोकड आहे त्याच्यासाठी मंदी हाच खरेदीचा हंगाम असतो. २०११ च्या सुरुवातीला लोहखनिजाचा भाव टनाला १९० डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा ही खरेदी किती वेळेवर झाली होती ते सगळ्यांना पटलं.

आणि मग सप्टेंबर २०१२ उजाडला. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की सगळ्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, त्यानंतरचं खनन बेकायदा. पुढच्या उत्पादनावर वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. सरकारने मग ८८ लीजचं नूतनीकरण केलं, तेही ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

या तारखा मुद्दाम दिल्या. आर्थिक परिस्थिती बिघडते आणि मग खटले वाढतात, असाच क्रम सगळे धरून चालतात. गोव्यात क्रम उलटा होता. २०१३ च्या सुरुवातीला खनिजाचा भाव जगात पुन्हा दीडशे डॉलरच्या वर होता. बाजारात मंदी नव्हती. डिचोली, सांगे, केपेतली मंदी कोर्टाच्या आदेशातून आली. निकाल चूक होता असं मी म्हणत नाही. जे बेकायदा चाललं होतं ते कधीतरी थांबणारच होतं. पण २००७ मध्ये लीज संपलेल्या खाणी २००९ मध्ये विकल्या गेल्या आणि त्या भावात हा धोका किती मोजला गेला होता, हा प्रश्न प्रत्येक खरेदीदाराने स्वतःला विचारावा असा आहे. मुंबई-दिल्लीचे सल्लागार गोव्यातली कंपनी तपासताना विकासदर, व्याजदर, मागणी यांचे तक्ते घेऊन येतात. मी त्यांना आधी पर्वरीच्या हायकोर्टात प्रलंबित असलेल्या जनहित याचिकांची यादी काढायला सांगतो. इथे तीही आर्थिक परिस्थितीच आहे.

खाण बंद झाली तेव्हा खाणमालक बुडाले नाहीत, निदान लगेच तरी नाहीत. आधी बुडाले ते ट्रकवाले आणि बार्जवाले. ट्रक कर्जावर, बार्ज कर्जावर, आणि जामीन बहुतेक वेळा भाऊ नाहीतर मेहुणा. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. खाण कोर्टाने बंद केली आहे, कर्जदाराचा दोष नाही, असलं काही त्या नियमाला कळत नाही. राज्य सरकारने खाणग्रस्त कर्जदारांसाठी कर्जनिवारण योजना आणली, तेव्हा कुठे अनेक खाती तडजोडीने मिटली. ज्यांची मिटली नाहीत त्यांचे चेकचे खटले आणि जामीनदारांवरचे दावे त्यानंतर कितीतरी काळ चालत राहिले.

इथे बँकेचा कल म्हणजे काय ते कळतं. तेच थकलेलं खातं बँक पाच वर्षं ‘बघू, सावरेल’ म्हणून सांभाळू शकते, किंवा सहा महिन्यांत लिलावाला काढू शकते. २०१५ पर्यंत आपल्या बँका पहिला मार्ग धरून होत्या. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज द्यायचं आणि खातं कागदावर निरोगी ठेवायचं. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या गुणवत्तेची झडती घेतली, लपलेलं बाहेर आलं आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांची एकूण थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या वर गेली. देशाची अर्थव्यवस्था त्या काळात वाढत होती, हे विसरू नका. तरीही लिलाव, दिवाळखोरीचे अर्ज आणि स्थगितीसाठी धावाधाव यांचा पूर आला, कारण बँकांना डोळे उघडायला लावलं होतं आणि २०१६ चा दिवाळखोरी कायदा त्यांच्या हातात आला होता.

आर्थिक परिस्थिती, बँक, विक्री आणि कोर्ट हे चारही एकाच इमारतीत बघायचे असतील तर आरोशीचं पंचतारांकित हॉटेल बघा, पूर्वीचं पार्क हयात. मालक कंपनी ब्लू कोस्ट हॉटेल्स. २०१० मध्ये आयएफसीआय या वित्तसंस्थेकडून दीडशे कोटींचं कर्ज घेतलं, हॉटेल तारण दिलं. हप्ते थकले, खातं एनपीए झालं, सरफेसी कायद्याखाली (बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा कायदा) नोटीस निघाली. कर्जदाराने मुदत मागितली, प्रस्ताव दिले, तडजोडी झाल्या, त्या पाळल्या गेल्या नाहीत. २०१५ मध्ये लिलाव झाला आणि आयटीसीने ५१५ कोटी ४४ लाखांना हॉटेल घेतलं. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा व्यवहार रद्द केला. आयटीसी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९ मार्च २०१८ ला निकाल तिच्या बाजूने लागला.

या निकालातले दोन मुद्दे तुम्हाला कामाचे आहेत. नोटिशीवर कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेने तो विचारात घेऊन कारणांसह उत्तर देणं बंधनकारक आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. उच्च न्यायालयात कर्जदार जिंकला होता त्यामागे हेही होतं. पण इथे धनको कर्जदाराशी दीर्घकाळ बोलत होता, पुन्हा पुन्हा संधी देत होता, तेव्हा केवळ उत्तर न दिल्यामुळे सगळी कारवाई कोसळत नाही, असं धरलं गेलं. दुसरा मुद्दा खास गोव्याचा. शेतजमिनीवरचं तारण सरफेसीखाली विकता येत नाही. तारणातली काही जमीन शेतीची आहे असा बचाव होता. महसुली कागदावर काय लिहिलंय तेवढं पुरेसं नाही, जमीन कशासाठी घेतली आणि वापरली ते बघायचं, असं म्हणत न्यायालयाने तो फेटाळला. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या महसुली नोंदीवर, विसंबून राहणाऱ्यांनी हे वाक्य जपून ठेवावं.

व्यवहाराच्या बाजूने बघा. खरेदीदाराने पैसे भरले आणि तीन वर्षं हॉटेल आपलं की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढी वाट बघायची ताकद ज्याच्याकडे आहे तोच अशा लिलावात उतरतो, म्हणून तिथे बोली लावणारे थोडे असतात आणि भाव दबलेला असतो. कर्जदाराला वाटतं बँकेने मालमत्ता मातीमोल विकली. अर्धं कारण त्याच्याच स्थगितीच्या अर्जात असतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर पैसे भरून तारण सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केलं. पूर्वीसारखं शेवटच्या दिवशी चेक घेऊन धावत जाणं आता चालत नाही.

सहकारी बँकांचं वेगळं आहे आणि गोव्यात ते अनेकांना सोसावं लागलंय. म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. त्याआधी दोन्ही बँका बराच काळ रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली होत्या. ठेवीदारांची सगळीकडे चर्चा झाली, विमा १ लाखावरून ५ लाखांवर गेला, ते बरंच झालं. कर्जदारांचं कोणी बोललं नाही. निर्बंधाखालच्या बँकेला परवानगीशिवाय नवं कर्ज देता येत नाही, जुनं लिमिट नूतनीकरण करता येत नाही. म्हणजे तुमचा धंदा ठणठणीत, हप्ते वेळेवर, तरी चवथीच्या तोंडावर माल भरायला पैसा नाही. अशा वेळी चांगली कंपनी पडत्या भावात भागीदाराला नाहीतर पुरवठादाराला विकली जाते. तिथे मंदी देशाची नसते, एका बँकेची असते.

आता काकांच्या कोर्टाबद्दल. मंदीत दावे वाढतात हे खरं असेल तर २०२० मध्ये कोर्टं फुटायला हवी होती. झालं उलटंच. दिवाळखोरीसाठी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी केली. २५ मार्च २०२० पासून वर्षभरात झालेल्या थकबाकीवर दिवाळखोरीचा अर्ज कधीच करता येणार नाही, असं कलम १०अ आलं. हप्त्यांना ऑगस्ट २०२० पर्यंत सवलत मिळाली. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ दाव्यांच्या मुदतीतून वगळला गेला. धंदे बुडत होते आणि दावे थांबले होते. ते आले नंतर, अर्थव्यवस्था सावरल्यावर, जेव्हा देणेकऱ्याकडे वसूल करण्याजोगं काही दिसू लागलं. कफल्लकावर कोण दावा लावतो? स्टॅम्पचा खर्चही निघत नाही.

मंदीत लगेच येतात ते लहान, चटकन दाखल होणारे खटले: चेकचे, जामीनदारांवरचे. २०१९ अखेर देशात चेक न वटल्याचे ३५ लाखांहून जास्त खटले पडून होते, तेही कोविडच्या आधी. मोठे दावे, म्हणजे खरेदीदाराने करार मोडला, विकणाऱ्याने माहिती दडवली, असले, सौद्यानंतर दोन-तीन वर्षांनी उगवतात. आणि त्यातले कित्येक शेवटपर्यंत चालवायचे नसतातच. २०१९ मध्ये फ्रान्सच्या एलव्हीएमएचने अमेरिकेतली दागिन्यांची कंपनी टिफनी १,६२० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, कोविड आल्यावर हात आखडला, दोघांनी डेलावेअरच्या कोर्टात एकमेकांवर दावे लावले आणि काही आठवड्यांत सुमारे ४२ कोटी डॉलर कमी करून सौदा पुन्हा ठरवला. दावा हा तिथे भाव पाडण्याचा मार्ग होता. आपल्याकडे लहान सौद्यातही हेच होतं, फक्त काही आठवड्यांऐवजी काही वर्षं लागतात. म्हणून आपल्याकडे नुसत्या नोटिशीनेही भाव पडतो.

‘परिस्थिती बदलली’ म्हणून करारातून सुटता येईल, असं मात्र खरेदीदाराने समजू नये. इंडोनेशियाच्या कोळशाचे दर वाढल्याने वीजनिर्मिती तोट्यात गेली तरी करार निष्फळ झाला असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एनर्जी वॉचडॉग प्रकरणात २०१७ मध्ये सांगितलं आहे. महाग पडलं हे कारण पुरत नाही. सुटायचं असेल तर करारातच तसं कलम असावं लागतं, आणि तुमच्याकडे येणाऱ्या मसुद्यात ते असणारच: ‘प्रतिकूल बदल’ झाल्यास माघार. तिथे बसून भांडा. देशाच्या किंवा पूर्ण उद्योगाच्या मंदीमुळे झालेली घट त्यातून वगळायला लावा. माघार घ्यायची तर फक्त तुमच्याच कंपनीवर काही संकट आलं तरच.

गोव्याच्या घरात एक गुंता आणखी असतो. इथल्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. शेअर काकांच्या नावावर असतील, पण त्यात काकूंचा अर्धा वाटा असतो. आजोबा गेल्यावर इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारस आणि वाटे ठरवण्याची कोर्टातली प्रक्रिया, झालं नसेल, तर मुंबईचा वकील पहिल्याच आठवड्यात फाइल बंद करून परत पाठवतो. भाव पडलेला असताना या वाटेकऱ्यांचं कोणाला काही नसतं. भाव चढला की अमेरिकेतल्या आत्येला आपला वाटा आठवतो. कुटुंबातले सर्वात कडू खटले मी तेजीतच बघितले आहेत.

तेव्हा व्याजदराची वाट बघत बसू नका आणि घाबरून घाईही करू नका. खरेदीदाराच्या पैशाचा उगम विचारा आणि त्याचा पुरावा टर्म शीटच्या, म्हणजे सौद्याच्या प्राथमिक अटींच्या कागदाच्या, आधी मागा. फक्त त्याच्याशीच बोलण्याची अट तो घालेल, तिला मुदत लावा. ती संपेपर्यंत बाजार बदलला तर नुकसान तुमचं आहे. किमतीचा काही भाग ‘पुढच्या दोन वर्षांचा नफा बघून देऊ’ असा असेल, तर तो भाग मिळणार नाही असं धरून उरलेली किंमत पटते का ते बघा, कारण त्या दोन वर्षांत नफ्याचा हिशेब तो लिहिणार आहे. प्लॉट औद्योगिक विकास महामंडळाच्या लीजवर असेल, तर मालकी बदलताना त्यांची परवानगी आणि शुल्क काय, हे आधी लेखी विचारून घ्या.

आणि बँकेकडे आजच जा. कंपनी विकली म्हणून काकांनी आणि तुम्ही दिलेला वैयक्तिक जामीन आपोआप सुटत नाही. डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांवरही दिवाळखोरी कायद्याखाली कारवाई करता येते आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं आहे. नव्या मालकाने दोन वर्षांनी हप्ते थकवले तर नोटीस फोंड्याला तुमच्या घरी येईल. ‘मॅनेजरसाहेब बघतो म्हणालेत’ यावर भागवू नका. जामीनमुक्तीचं पत्र बँकेच्या सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने हातात आल्याशिवाय शेअर हस्तांतराच्या कागदावर सही करायची नाही, आणि ही अट करारात सौदा पुरा होण्याच्या अटींमध्येच घाला. खरेदीदार कुरकुरला तर किमतीतून कर्जाएवढी रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवून आधी बँक भागवायला सांगा.